सासूच्या पुंगळ्या

अमेरिकेत अल्फारेटातल्या मराठी माणसापुढे ‘मोघेकाकू’ म्हटलं की तो विचारतो, ‘कोणत्या? त्या बंदूकवाल्या?’ आणि मग आवाज जरा खाली आणून पुढचं विचारतो, ‘तू त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहायचास ना? भीती नाही वाटायची?’ मी त्या घरात चांगली तीन वर्षं भाडेकरू होतो. भीती वाटायची, नाही असं नाही. पण बंदुकीची नव्हे. काकूंचा एक ठरलेला प्रश्न होता, त्याची वाटायची. ‘मोजलंस, की वाटलं?’

हा प्रश्न कशावरही यायचा. काकू, आज बाहेर फारच उकडतंय. मोजलंस, की वाटलं? काकू, आमटीत मीठ किंचित जास्त झालंय. मोजलंस, की वाटलं? मंडळाच्या गणपतीत अध्यक्ष माइकवरून म्हणाले, यंदा गर्दीचा उच्चांक झालाय, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या काकू मान वळवून शांतपणे खुर्च्यांच्या रांगा पाहू लागल्या. त्या तोंड उघडणार तेवढ्यात मोघेकाकांनी त्यांचा हात दाबला आणि म्हणाले, ‘जाऊ दे ना, शैला.’ काकांचा निम्मा संसार हे वाक्य म्हणण्यात गेला असावा. सॉफ्टवेअरमधून रिटायर झालेला, वरणभात आणि क्रिकेट यांवर सुखी असलेला हा भला माणूस. बायको दर शनिवारी रायफल घेऊन रेंजवर जाते याचं त्यांना ना कौतुक होतं ना तक्रार. मात्र ती परत येईपर्यंत ते टीव्ही लावत नसत, हे मला वरच्या शांततेवरून कळायचं.

काकू दिसायला बंदूकवाल्या मुळीच वाटत नसत. जेमतेम पाच फूट उंची, पांढरे बारीक कापलेले केस, गळ्यात दोऱ्यांना अडकवलेले दोन चष्मे. घरात सलवार-कमीज. रेंजवर जाताना त्या वर एक जाडजूड शूटिंग जॅकेट घालत, त्यात त्या गोधडी पांघरून निघाल्यासारख्या दिसत. पुण्यात असताना त्या पिंपरीतल्या एका कारखान्याच्या स्टँडर्ड्स रूममध्ये होत्या. कारखान्यात माल तपासायला जे गेज वापरतात, ते गेज मुळात बरोबर आहेत का, हे तपासणारी ही खोली. थोडक्यात, तपासणाऱ्यांना तपासणारी बाई. काकांच्या नोकरीपायी इकडे आल्यावर त्यांचा डिप्लोमा कुणी विचारला नाही, पण पलीकडच्या गावातल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये त्यांनी इन्स्पेक्टरची नोकरी मिळवली आणि साठी उलटल्यावरही आठवड्यातून तीन दिवस ती चालू ठेवली होती. मी सॉफ्टवेअर टेस्टर. मी क्यूएत आहे असं पहिल्या दिवशी सांगितलं तर म्हणाल्या, ‘अरे वा, म्हणजे आपण एकाच धंद्यातले. तू कशानं मोजतोस?’ त्याचं उत्तर मी अजून शोधतोय.

माझ्या बेसमेंटचं दार गराजला लागून होतं. तिथे काकूंचं बाक होतं. पहिल्यांदा डोकावलो तेव्हा बाकावर पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या शाळेतल्या पोरांसारख्या ओळीत उभ्या होत्या. मी सहज एक उचलायला गेलो.

‘हात मागे,’ काकू म्हणाल्या.

मी दचकलो.

‘तुझा व्हिसा कोणता?’

‘एच-वन.’

‘मग हात मागेच. व्हिसावरच्या माणसानं बंदूक बाळगायची नाही, काडतूसही बाळगायचं नाही. आणि मी कायदा वाचलाय, त्यात रिकामी पुंगळीसुद्धा काडतुसातच धरतात. ग्रीन कार्ड आलं की ये, हवी तेवढी उचल.’

‘काकू, मी नुसती बघायला हातात घेत होतो.’

‘नुसती हातात घेणं आणि बाळगणं यांत अंतर किती, मोजलंयस?’

माझ्यासारख्या नागपूरच्या माणसाला असं कुणी बोललं की तो एक तर भांडतो, नाही तर मित्र होतो. भांडण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून त्या गराजमध्ये मी कायम पाठीमागे हात बांधून उभा राहिलो, आणि ग्रीन कार्डाची आमची रांग ज्या वेगानं सरकते तो पाहता त्या पुंगळ्यांना माझा हात कधी लागेल असं वाटत नाही.

काकूंकडे दोन रायफली होत्या, दोन्ही एकाच मापाच्या काडतुसाच्या. जुनी वॉल्टरची. वॉल्टर हा मशीन शॉपमधला त्यांचा जोडीदार, उत्तर जॉर्जियाच्या डोंगराकडचा म्हातारा. डब्यातल्या थालिपिठाच्या बदल्यात त्यानं काकूंना रेंजवर नेलं आणि नेम धरायला शिकवलं. हात थरथरायला लागल्यावर आपली रायफल त्यानं काकूंनाच विकली. दुसरी रायफल कोरी, क्लबचा कॅप्टन रसेल याच्या आग्रहावरून घेतलेली. काकूंनी जुनीला ‘सासू’ आणि नवीला ‘सून’ अशी नावं ठेवली होती. दोघींच्या पुंगळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यांत वेगवेगळ्या ठेवलेल्या असत. झाकणांवर मार्करनं लिहिलेलं असे: सासू, सासू, सून, सासू.

हे सगळं वेगळं का ठेवायचं, ते मला काकूंनी एकदा नीट समजावून सांगितलं. काडतूस रायफलीच्या ज्या पोकळीत बसतं ते चेंबर. पुंगळीला बुड असतं, खांदा असतो, मान असते. मागून बोल्ट, म्हणजे चेंबरचं दार, बंद केला की बुड बोल्टला टेकतं आणि खांदा पुढे चेंबरच्या खांद्याला टेकतो. त्या दोन टेकण्यांमधलं अंतर म्हणजे हेडस्पेस. अंतर कमी पडलं तर बोल्ट बंदच होत नाही. अंतर जास्त झालं तर बार उडताना पुंगळी ताणली जाते, आणि चारदोनदा तशी ताणली की बुडाच्या वर चिरते. नेम बिघडतो तो वेगळाच. अंतर तपासायला गेज असतात. एक ‘गो’, त्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा. एक ‘नो-गो’, त्यावर व्हायला नको. आणि शेवटचा ‘फील्ड’, त्यावर बोल्ट बंद झाला तर ती रायफल उडवायचीच नाही.

‘सासू नो-गोवर बंद होते,’ काकू म्हणाल्या. ‘फील्डवर होत नाही.’

‘म्हणजे खराब?’

‘म्हणजे वय झालंय. खराब वेगळं.’

त्यांच्या मते युक्ती रायफलीत नव्हती, पुंगळीत होती. एकदा बार उडाला की पितळ फुगून त्या चेंबरचाच आकार घेतं. मग दारू आणि गोळी घालून पुन्हा भरण्याआधी पुंगळी दाबून थोडी लहान करावी लागते, आणि बहुतेक लोक ती थेट कंपनीच्या मापापर्यंत दाबतात. काकू तसं करत नसत. त्या खांदा फक्त दोन थाऊ मागे सारत. इंचाच्या हजाराव्या भागाला पुण्याच्या कारखान्यांत थाऊ म्हणतात आणि काकूंनी अमेरिकेतही तो शब्द सोडला नव्हता. ‘चप्पल पायाला बसली की ती परत दुकानाच्या मापाची करायला कोण चांभाराकडे नेतो का? पट्टा जरा ढिला करायचा, पुरे.’ त्यामुळे सासूत उडालेली पुंगळी सासूतच जायची आणि सुनेची सुनेत. सुनेचं चेंबर घट्ट. सासूची पुंगळी तिथे शिरत नसे. सुनेची पुंगळी सासूत शिरायची, पण सैल पडायची. दोघींमध्ये फरक असेल पाच-सहा थाऊंचा. डोळ्यांना तो दिसणं शक्य नव्हतं.

आता त्या शनिवारची गोष्ट. क्लब दर वर्षी राज्याच्या सामन्याला चौघांची टीम पाठवतो. त्यासाठी निवड चाचणी असते. काकू आधी दोनदा चाचणीला बसल्या होत्या आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकल्या होत्या. हे त्यांच्या मनाला किती लागलंय ते मला एका दुपारी कळलं. चहा घेता घेता म्हणाल्या, ‘तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामावर शिक्के मारले रे. हे पास, हे नापास. माझ्या कामावर कुणी मोजून शिक्का मारलाय असं एकदाही झालं नाही. एकदा व्हायला हवं.’ इतकं बोलून त्या एकदम उठल्या आणि कप विसळायला गेल्या. काकू स्वतःबद्दल एवढं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि हा शेवटचाच चान्स होता. त्यांची मुलगी मुग्धा पार पश्चिम किनाऱ्यावर, क्युपर्टिनोला असते. तिला वर्षाचा मुलगा आहे, आणि आईबाबांनी आता तिकडेच राहायला यावं असं ठरलं होतं. सामानाचा ट्रक महिनाअखेरीला येणार होता. मुग्धाची एकच अट होती. ती काकूंना स्पीकरवर सांगत असताना मी किराणा ठेवायला वर गेलो होतो, म्हणून ऐकली. ‘आई, आय ॲम नॉट जजिंग यू. पण माझ्या घरात गन नको. नॉट विथ अ टॉडलर.’ मला वाटलं आता काकूंच्या तोंडाचा पट्टा सुटणार. काकू म्हणाल्या, ‘तुझं बरोबर आहे. मी दोन्ही रायफली क्लबला देऊन येते.’ फोन ठेवल्यावर काकांना म्हणाल्या, ‘पोरगी मोजून बोलते.’ राज्याचा सामना पुढच्या महिन्यात होता. निवड झाली तर ट्रक पुढे ढकलावा लागणार होता, नाही झाली तर सगळं ठरल्याप्रमाणे. निवड होईल असं घरात कुणीच धरलेलं नव्हतं, म्हणून ट्रकचा विषय कुणी काढलाही नव्हता.

त्याच आठवड्यात सांगलीहून काकांची मोठी बहीण आली होती. अक्का. वय पंचाहत्तरीच्या पुढे, नऊवारी, आणि रिकामं बसणं ठाऊक नाही. बुधवारी काकू नोकरीवर गेल्या होत्या आणि काका बँकेत. अक्का भाजीची पिशवी शोधत गराजमध्ये गेल्या. तिथे त्यांना श्रीखंडाचे डबे दिसले. उघडून पाहतात तर आत पितळ, आणि ते काळवंडलेलं. सांगलीच्या बाईनं काळं पडलेलं पितळ पाहिल्यावर पुढे काय होणार ते वेगळं सांगायला नको.

मी दुपारी दोन मीटिंगांच्या मधे वर गेलो तेव्हा सगळं उरकलं होतं. भिजवलेल्या चिंचेत मीठ घालून अक्कांनी सगळ्या पुंगळ्या चोळून चोळून धुतल्या होत्या आणि मागच्या डेकवर जुनी चादर अंथरून पापडांसारख्या उन्हात वाळत घातल्या होत्या. लख्ख. एवढं पितळ मी मराठी घरातसुद्धा कधी एकत्र पाहिलं नव्हतं. डबेही घासून ओट्यावर पालथे पडले होते आणि झाकणांवरची अक्षरं गेली होती. सासू आणि सून एका चादरीवर, एकमेकींत मिसळलेल्या.

‘बघ की रे, कशी निघालीत,’ अक्का म्हणाल्या. ‘तुमच्याकडं चिंच चांगली मिळते.’ त्यांनी दोन पुंगळ्या देव्हाऱ्यात ठेवून त्यांत उदबत्त्या खोचल्या होत्या. त्यांना ती उदबत्तीची घरं वाटली होती. एका घरात एवढी कशाला लागतात, हा प्रश्न त्यांना पडला होता, पण अमेरिकेत सगळंच डझनावारी घेतात, अशी त्यांनी मनाची समजूत घालून टाकली होती.

मी काकांना फोन केला. काका आले, चादर पाहिली आणि खुर्चीत बसले. काकू संध्याकाळी पाचला आल्या. डेकच्या दारात उभ्या राहून त्यांनी ते सगळं पाहिलं. मी त्यांचा चेहरा बघत होतो. नणंदेवर ओरडायची त्या घरात रीत नव्हती, आणि अक्कांच्या चेहऱ्यावर तर शाबासकीची वाट पाहणं स्पष्ट दिसत होतं. काकूंनी एक लांब श्वास घेतला.

‘वन्सं, पितळ छान निघालंय,’ त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, ‘टुरिस्ट व्हिसावर घासलंय. तू काही पाहिलं नाहीस.’

देव्हाऱ्यातल्या दोन पुंगळ्या त्यांनी स्वतः काढल्या, उदबत्त्या एका वाटीतल्या तांदळात खोचल्या आणि चादरीची चारी टोकं धरून गाठोडं गराजमध्ये नेलं. मागोमाग अक्का मदतीला निघाल्या, तेव्हा मात्र काकू दारात थांबल्या.

‘वन्सं, तुम्ही हात मागे. हा निखिल सांगेल कसे.’

मग मी आणि अक्का शेजारी शेजारी हात मागे बांधून उभे राहिलो. आपण काय करून बसलो हे तोवर काकांनी अक्कांना सांगितलं होतं. त्या एवढ्याशा झाल्या होत्या.

काकांनी मार्ग सुचवला, नवीन पुंगळ्या विकत घे. काकू म्हणाल्या, नव्या पुंगळ्या कंपनीच्या मापाच्या. त्या एकदा सासूत उडाल्याशिवाय सासूच्या होणार नाहीत, आणि रेंज शनिवारपर्यंत बंद. काकांनी दुसरा मार्ग सुचवला, सूनबाईला घेऊन जा. काकूंनी मान हलवली. सून घरात येऊन सहाच महिने झाले होते, अजून रुळली नव्हती. रसेललाही मी फोन केला होता, निदान चाचणी पुढे ढकलता येते का विचारायला. तो म्हणाला चाचणी शनिवारीच होईल आणि शायलानं (शैलाचं त्यानं हे केलं होतं) खरं तर कधीच नवी रायफल आणायला हवी होती.

‘एकेक मोजायची,’ काकू म्हणाल्या. ‘दुसरं काय.’

कॅलिपरला एक छोटी टोपी बसवली की बुडापासून खांद्यापर्यंतचं माप मिळतं. काकूंनी पुंगळी धरायची, कॅलिपर मिटवायचा, डायल बघून माप मनात ठेवायचं आणि कॅलिपर माझ्यासमोर धरायचा. मी हात मागे ठेवून वाकून बघायचं आणि मोठ्यानं वाचायचं. दोघांचं जमलं तर सासू किंवा सून. न जमलं, किंवा माप मधेच कुठेतरी आलं, तर बाद. बाद पुंगळीसाठी त्यांनी फराळाचा एक डबा ठेवला होता. आता वाटतं, खांद्यात सहा थाऊंचा फरक म्हटल्यावर झटकन वाटण्या व्हायला हव्या होत्या. पण काही पुंगळ्या कितीतरी वेळा उडालेल्या होत्या आणि पितळ वयानं ताठ होतं, दाबलं तरी परत उसळतं. त्यामुळे सासूच्या काही सुनेकडे झुकल्या होत्या आणि सुनेच्या काही सासूकडे. मधल्यांची संख्या वाढत चालली तशी काकूंची हनुवटी वर वर येत गेली. राग आला की त्यांची हनुवटी वर यायची, बोलणं मात्र कमी व्हायचं.

बुधवार संध्याकाळ, गुरुवारची माझी जेवणाची सुट्टी, गुरुवार संध्याकाळ. अक्का आमच्यासाठी चहा आणत राहिल्या आणि दारातूनच देत राहिल्या. शेवटची पुंगळी मोजून झाली तेव्हा सासूच्या खात्रीच्या पुंगळ्या चाचणीला जेवढ्या लागतात तेवढ्याच निघाल्या. एकही जास्त नाही. अडचण अशी की चाचणी सुरू होण्याआधी प्रत्येकाला काही गोळ्या नेम जुळवायला देतात, त्या धरत नाहीत. त्यांच्यासाठी काकूंकडे पुंगळ्या उरल्या नव्हत्या.

मला तर हे अगदी सोपं वाटलं. ‘काकू, मग त्या मधल्या वापरा ना. नेम जुळवायच्या गोळ्या काउंटच होत नाहीत.’

काकूंनी बाद डब्याचं झाकण लावलं. ‘चेंबरला कुठं माहीत असतं, कुठली गोळी काउंट होणार नाही ते?’

‘पण मग नेम कसा जुळवणार?’

‘पहिल्या गोळीवर.’

शनिवारी आम्ही सगळेच गेलो. काका आयुष्यात पहिल्यांदा रेंजवर आले. अक्का पण हट्टानं आल्या. पदर कमरेला खोचून, कानांवर लाल रंगाचे मोठे कानटोप लावून त्या घडीच्या खुर्चीत बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक अमेरिकन माणसाला गंभीरपणे नमस्कार करत राहिल्या. प्रेक्षकांसाठी पिवळी रेघ होती, तिच्या अलीकडे मी उभा होतो. रसेलनं सगळ्यांच्या रायफली तपासल्या. सासूच्या चेंबरमध्ये फील्ड गेज घातला, बोल्ट बंद झाला नाही, तेव्हा त्यानं मान हलवून काकूंना आत सोडलं. तो मोठ्या देहाचा, सावकाश बोलणारा, चांगला माणूस होता. काकूंवर त्याचा राग नव्हता. त्यांच्या रायफलीवर त्याचा विश्वास नव्हता, एवढंच.

‘सायटर्स?’ त्यानं नेम जुळवायच्या गोळ्यांबद्दल विचारलं.

‘नो सायटर्स,’ काकू म्हणाल्या. ‘स्ट्रेट टू रेकॉर्ड.’

शेजारच्या दोघांनी मान वळवून पाहिलं. काकू चटईवर पालथ्या पडल्या, कोपर हलवून हलवून जागेवर बसवला. पहिली गोळी गेली. मी दुर्बिणीतून पाहिलं, आठच्या रिंगणात, उजवीकडे. काकांनी तोंडावर हात धरला. काकूंनी नेमाच्या चकतीला एक-दोन टिचक्या दिल्या आणि थांबल्या. वाऱ्यानं पलीकडची लाल झेंडी हलत होती ती खाली येईपर्यंत त्या थांबल्या. दुसरी गोळी दहा. तिसरी दहा. मग मी मोजणं सोडून दिलं, कारण मला ते सहन होईना. बोल्ट उघडायचा, पुंगळी बाजूला पडायची, नवं काडतूस, बोल्ट बंद, श्वास. मधे एकदा नऊ गेली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. मला त्या क्षणी शैलाकाकूंचा फार अभिमान वाटला.

तीनशे यार्डांवरचे कागद आणून टेबलावर पसरले. रसेल एकेक कागद तपासून आकडे लिहू लागला. काकूंच्या कागदावर त्यानं एका भोकाशी पेन्सिल थांबवली. भोक दहाच्या रेघेच्या अगदी बाहेर होतं, किंवा रेघेवर होतं, काय ते सांगता येत नव्हतं. त्यानं नऊ लिहिलं. बेरीज झाली. काकू पाचव्या. गुण चौथ्या माणसाइतकेच, पण त्याचे दहा जास्त, म्हणून मागे.

‘सो क्लोज, शायला,’ रसेल म्हणाला आणि ते मनापासून म्हणाला.

काकूंनी गळ्यातला जवळचा चष्मा लावला आणि कागदावर वाकल्या. ‘दॅट वन इज अ टेन.’

‘लुक्स लाइक अ नाइन टू मी.’

‘यू लुक्ड. प्लग इट.’

प्लग म्हणजे गोळीच्या मापाचा एक छोटा दट्ट्या, भोकात घालतात. त्याची कडा रेघेला शिवली की वरचा आकडा. रसेलनं सांगितलं, प्लग एकदाच लावता येतो कारण त्यानं भोक मोठं होतं, आणि तो जे सांगेल तेच शेवटचं. आसपास जमलेले लोक दमलेले होते, कुणाला घरी जायचं होतं. काकांनी पुढे होऊन काकूंचा हात दाबला.

‘जाऊ दे ना, शैला. किती छान झालं तुझं.’

‘अहो,’ काकू म्हणाल्या, ‘मी कुणाला फुकट पास केलं नाही. स्वतःला फुकट नापास का करू?’

आवाज चढलेला नव्हता. पण काकांनी हात सोडला.

रसेलनं डबीतून प्लग काढला, भोकात हलकेच बसवला आणि वरून भिंग धरलं. बराच वेळ पाहिलं. मग शेजारच्या एका माणसाला बोलावून काही न सांगता भिंग त्याच्या हातात दिलं. त्यानंही पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रसेलनं नऊवर काट मारली, शेजारी दहा लिहिले आणि काकूंचं नाव चौथ्या जागी नेलं. मग त्यानं भिंग काकूंपुढे धरलं. काकू वाकल्या. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत होतो. त्या सरळ झाल्या तेव्हा चष्मा डोळ्यांवरून काढून पुसत होत्या. तो नीट पुसून होईना, म्हणून त्यांनी दुसरा लावला.

मी पुढच्याच आठवड्यात नोकरी बदलून एडिसनला आलो, त्यामुळे पुढचा सामना मला पाहता आला नाही. माझ्याजवळ शेवटचं आहे ते हे असं. अक्का कानटोप न काढताच मला विचारत होत्या की काय झालं, आणि मी त्यांना दोन्ही हातांची दहा बोटं दाखवत होतो. काकूंनी काकांच्या खिशाकडे बोट दाखवलं.

‘मुग्धाला फोन लावा. म्हणावं, ट्रक पुढच्या महिन्यात.’

काकांनी लावला. पलीकडून मुग्धाचा आवाज मलाही ऐकू आला. ‘बाबा? ट्रक बुक झालाय. ॲट धिस पॉइंट आय कान्ट जस्ट—’

‘कॅन्सल कर,’ काका म्हणाले. ‘तुझी आई टीममध्ये आहे.’

मुग्धा आणखी काही बोलत होती, काका ऐकत होते आणि नुसते ‘कॅन्सल कर’ म्हणत होते. काकू तोवर आपल्या चटईपाशी पोहोचल्या होत्या. गुडघ्यांवर बसून त्या गवतातून सासूच्या पुंगळ्या एकेक वेचत होत्या. पुढच्या महिन्यात त्या लागणार होत्या.